दहा रंगांच्या टिकल्या

माझे हात फार शिवशिवतात. हे मला कुणी सांगायला नको. पोराच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली की माझी बोटं तिकडे गेलीच म्हणून समजा. नाक वाहताना दिसलं की पदर पुढे झालाच. आणि अशा बाईला नोकरी मिळावी कुठे, तर मीनाताईंच्या बालमंदिरात! तिथला पहिला नियमच असा, की मूल स्वतः करत असेल तर मोठ्यांनी मध्ये हात घालायचा नाही. देवाने माझी थट्टाच केली, दुसरं काय.

मी लंकाबाई. इंदिरानगरात एका बंगल्याच्या तळमजल्यावर हे बालमंदिर होतं. झाडणं, पुसणं, पाणी भरणं, दाराशी उभं राहून पोरं मोजून घेणं, ही माझी कामं. पोरं अडीच ते सहा वर्षांची. माझ्या पहिल्याच दिवशी एक पोरगं सँडलचा पट्टा लावत बसलं होतं. लावतंय, सुटतंय, लावतंय, सुटतंय. मला बघवेना. गेले, खटकन पट्टा लावून दिला. त्या कार्ट्याने असं भोकाड पसरलं, की रस्त्यावरचा भाजीवाला आत डोकावला. मग त्याने सँडल काढली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मीनाताई हळू आवाजात म्हणाल्या, "लंकाबाई, तुम्ही त्याचं काम चोरलंत."

चोरलं? मी? माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! तीन पोरं वाढवलेली बाई मी, आणि ही कालची पोरगी मला चोर म्हणते. तेव्हाच पिशवी उचलून घरी जाणार होते. पण पगार वेळेवर होता आणि घर दहा मिनिटांवर, म्हणून राहिले. नंतर हात आवरायची युक्ती मीच काढली. पाठीमागे पदराला सैलशी गाठ मारायची आणि दोन्ही हात त्यात अडकवून उभं राहायचं. मीनाताई लांबूनच बघून मान हलवायच्या. मला मात्र सतत हाताला खाज सुटल्यासारखं व्हायचं.

हळूहळू त्यांचं म्हणणं थोडं थोडं डोक्यात शिरायला लागलं. मुलं गेल्यावर आम्ही दोघी पायरीवर चहा घ्यायचो. त्या सांगायच्या, "तीनच्या आतलं मूल बघेल ते, ऐकेल ते सगळं आत ओढून घेतं, त्याचं त्यालाही कळत नाही. तीन ते सहा, हाताने करून बघतं. शंभर वेळा तेच, कारण त्याला ते पक्कं करायचं असतं. सहाच्या पुढे त्याचं 'का' सुरू होतं, मग हाताबरोबर डोकं धावतं. ज्या वयाचं जे, ते तेव्हाच द्यायचं."

"आणि तिशीच्या पुढे?" मी विचारलं.

"तिशीच्या पुढे त्याला स्वतःचं मूल होतं, आणि मग त्याला घाई होते," असं म्हणून त्या हसल्या. मीही हसले. तेव्हा मला काय माहीत, की ही घाई माझ्याच घरात जन्माला येणार आहे.

माझा थोरला गोरक्ष. सिन्नरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात लेथवर काम करायचा. त्याची मुलगी स्नेहल. ती अडीच वर्षांची झाल्यावर मीनाताई म्हणाल्या, आणा तिलाही. फी अर्धी केली. पहिला महिनाभर ती टेबलाखाली बसून राहिली. नुसती बघत. मला वाटलं, झालं, आपली नात मुखदुर्बळ निघाली, आता चार लोकांत माझी शोभा. पण तिला कुणी बाहेर ओढलं नाही. एक दिवस आपणच बाहेर आली, छोटा तांब्या घेतला आणि दुसऱ्या तांब्यात पाणी ओतलं. मग परत पहिल्यात. असं किती दिवस चाललं असेल? पावसाळा गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी लादी पुसून पुसून थकले, पण शेवटी शेवटी तिचा एक थेंब खाली सांडत नव्हता.

हे मला दिसायचं, कारण मी तिथे होते. गोरक्षला काय दिसणार? तो घरी यायचा तेव्हा पोरगी झोपलेली. सुट्टीच्या दिवशी विचारायचा, "काय शिकलीस गं शाळेत?" ती आनंदाने सांगायची, "पाणी ओतलं. टेबल धुतलं. फडकं पिळलं."

शेजारच्या सुनीलचा मुलगा तिच्याच वयाचा. तो इंग्रजी शाळेत जायचा. आल्यागेल्यासमोर त्याला खुर्चीवर उभं करायचे आणि तो शंभरापर्यंत धडाधडा आकडे म्हणायचा, वर इंग्रजी कविता. गोरक्ष ते ऐकून यायचा आणि जेवताना गप्प बसायचा. अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चमध्ये एका रविवारी त्याचा बांध फुटला.

"चार वर्षं पूर्ण होऊन गेली. एक अक्षर लिहिता येत नाही तिला. टेबल धुतलं म्हणते! आई, तू जन्मभर लोकांच्या फरश्या पुसल्यास. आता माझी पोरगीपण तेच शिकते, आणि मी त्याचे पैसे भरतो!"

चांगुणा, माझी सून, ताटात वाढता वाढता थांबली. मी त्या फरश्या पुसल्या म्हणून तो आयटीआय शिकला, हे त्याला माहीत होतं आणि म्हणूनच त्याला ते बोचत होतं, हेही मला कळत होतं. तरी लागलंच. मग नेहमीप्रमाणे माझं तोंड सुटलं. "लय मोठा झालास का? फरशी पुसणारीच्या हातचं खाऊन मोठा झाला ना तू? मंग?" चिडले की माझं गावचं बोलणं बाहेर येतं. तोही चिडला. मग दोघं थंड झालो, कारण मधे स्नेहल उभी होती आणि आमच्याकडे आळीपाळीने बघत होती.

शेवटी तो म्हणाला, "शनिवारी तुमच्या शाळेत पालकांना बोलावलंय ना? मी येतो. माझ्या डोळ्यांनी बघतो. काही दिसलं तर ठीक. नाहीतर सोमवारी तिचं नाव काढायचं. हा बघ, फॉर्म भरलाय मी."

त्याने खिशातून फॉर्म काढून दाखवला. इंग्रजी शाळेचा. सुनीलला विचारून विचारून, एकेक इंग्रजी अक्षर सुटं काढून स्नेहलचं नाव लिहिलं होतं. वळणदार, खाडाखोड नाही. सोमवार शेवटची तारीख.

माझा जीव टांगणीला लागला. नात शाळेतून गेली तर माझं काय, हे होतंच, खोटं कशाला बोलू? रोज सकाळी तिचं बोट धरून जायचं, हे माझ्या दिवसातलं सगळ्यात गोड काम होतं. पण त्याहून मोठं म्हणजे, ती टेबलाखालून आपल्या पायांनी बाहेर आली होती. तिला पुन्हा कुठल्या बाकाखाली बसायला लागू नये, एवढंच मला वाटत होतं.

पालकांच्या दिवशी पाठांतर नाही, नाच नाही. एकेक मूल आपल्या आईबापांना सतरंजीजवळ बसवतं आणि स्वतः निवडलेलं काम करून दाखवतं, एवढंच. स्नेहलने निवडली दट्ट्यांची पेटी. लांबट लाकडी ठोकळा, त्याला दहा भोकं. एक जाड, पुढचं थोडं बारीक, असं करत शेवटचं अगदी करंगळीएवढं. दहा भोकांत बसणारे दहा लाकडी दट्टे, प्रत्येकाच्या डोक्यावर धरायला बारकी मूठ. सगळे दट्टे काढून सतरंजीवर मिसळायचे आणि ज्याच्या त्याच्या भोकात बसवायचे. चूक झाली तर कुणी सांगायचं नाही. बारीक दट्टा जाड भोकात गेला, तर शेवटी जाड दट्टा हातात उरतो आणि भोक राहतं बारीक. मग मुलाला आपोआप समजतं.

आणि स्नेहलचं नेमकं तेच व्हायचं. रोज शेवटी एक दट्टा उरायचा. ती सगळे काढून पुन्हा बसवायची. कधी जमायचं, कधी घंटा व्हायची. शुक्रवारीही उरला. म्हटलं, उद्या बापासमोर उरला की संपलंच.

मग मी जे केलं ते ऐका, आणि हसायचं असेल तर हसा.

चांगुणाचं टिकल्यांचं एक पाकीट होतं. दहा रंगांचं, येवल्याच्या बाजारातून माहेराहून आणलेलं, एका नमुन्याच्या दोन-दोन टिकल्या. शुक्रवारी दुपारी जेवायला घरी गेले आणि ते कमरेला खोचून आणलं. मीनाताई बँकेत गेल्या होत्या. सगळ्यात जाड दट्ट्याच्या बुडाला लाल टिकली, त्याच्या भोकाच्या तळाशी लाल टिकली. पुढच्याला हिरवी, हिरवी. असे दहा. बारक्या भोकात टिकली बसवताना घाम फुटला. दट्टे बसवून वरून बघितलं तर काही म्हणता काही दिसत नव्हतं. पोरगी हुशार, दट्टा उचलला की खालचा रंग दिसेल, भोकातला दिसेल, लावेल पटापट. सांगायची पण गरज नाही. सहा वर्षं हात बांधून ठेवले होते मी, त्या दिवशी दहाही बोटं सोडली म्हणा ना.

शनिवारी सकाळी चांगुणा घरभर पाकीट शोधत होती. "आत्ता परवा होतं की इथं!" मी म्हटलं, "मिळंल गं, उशीर होतोय, कुंकू लाव." तिने माझ्याकडे जरा बघितलं. मी स्नेहलची वेणी घालत होते, मान वर केली नाही.

अकराला दोघं आली. गोरक्षची दुसरी पाळी होती, साडेबाराला मुंबई नाक्यावरून कारखान्याची बस. डब्याची पिशवी खांद्याला, फॉर्म खिशात. मीनाताईंनी त्यांना छोट्या पाटांवर बसवलं. गोरक्षचे गुडघे हनुवटीपाशी आले. मी दाराशी, हात मागे, पदराच्या गाठीत.

स्नेहलने सतरंजी पसरली, सुरकुती काढली. पेटी दोन्ही हातांनी पोटाशी धरून आणली. पहिला दट्टा मुठीला धरून उचलला. आणि थांबली. दट्टा उलटा केला. बघितलं. भोकात वाकून बघितलं.

लाव गं बाई, लाव, मी मनात म्हणाले.

तिने नखाने टिकली काढली. बोटावर घेतली, नीट बघितली आणि सतरंजीच्या कडेला ठेवली. मग दुसरी काढली. मग तिसरी.

बालमंदिरात पोरांच्या अंगी मुरलेली एक गोष्ट मी साफ विसरले होते. जी वस्तू जिथली, तिथे ठेवायची. मणी मण्यांच्या वाटीत, फडकं फडक्याच्या खुंटीला. पेटीत टिकली सापडली, तर ती पेटीची नव्हे. एवढं साधं माझ्या चार वर्षांच्या नातीला कळलं आणि मला कळलं नाही.

दट्ट्यांच्या झाल्या. मग भोकांतल्या. जाड भोकांत बोट गेलं. बारक्यात जाईना. ती उठली, फळीवरून चिमटा आणला, ज्याने पोरं वाल वेचतात तो, आणि जिभेचं टोक बाहेर काढून एकेक टिकली उचलायला लागली. गोरक्षने घड्याळ बघितलं. साडेअकरा. मला वाटलं, भिंत फाटावी आणि मी आत जावं.

विसावी टिकली निघाली. तिने सगळ्या एका वाटीत घातल्या, आईसमोर नेऊन ठेवल्या आणि म्हणाली, "आई, तुझ्या."

चांगुणाने वाटीत बघितलं. मग माझ्याकडे. मग गोरक्षने माझ्याकडे बघितलं. मग मीनाताईंनी.

"आई," गोरक्ष हळूच म्हणाला, "हे तू केलंस?"

"केलं," मी म्हटलं. "मीच केलं. चुकलं माझं." आयुष्यात हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन, एका हाताची बोटं पुरतील. कान तापले होते माझे. मीनाताई रागावतील म्हणून वाट बघत होते. त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनीही आपले हात मागे घेतले.

स्नेहलला याचं काही नव्हतं. तिचं काम अजून सुरूच व्हायचं होतं. तिने दट्टे मिसळले आणि बसवायला लागली. एक बसला. दोन. पाच. सातवा बसवला तेव्हाच मला दिसलं, चुकलं. आपलं भोक सोडून जाड भोकात गेला होता. आठवा, नववा. हातात एक उरला, भोक त्याच्यापेक्षा बारीक. तिने दाबून बघितला. जाईना.

गोरक्ष पुढे वाकला. त्यालाही दिसलं होतं. लेथवरचा माणूस तो, त्याचा हात निघालाच, चुकलेल्या दट्ट्याकडे. आणि मला कळायच्या आत मी सतरंजीपाशी पोचले होते, माझ्या मुलाचं मनगट माझ्या हातात होतं.

"हात मागं घे," मी म्हटलं.

"अगं पण तो सातवा..."

"मला दिसतंय. हात मागं घे, गोरक्ष. तिचं काम हाय ते."

त्याने हात मागे घेतला. मी माझेही परत गाठीत घातले, आणि खरं सांगते, त्यासारखं जड काम मी कधी केलं नाही.

स्नेहल उरलेल्या दट्ट्याकडे बघत बसली. मग एका बोटाने बसवलेले दट्टे हलवून बघायला लागली. पहिला हलत नव्हता. दुसरा नाही. तिसरा नाही. सातवा टकटक वाजला. तिने पुन्हा हलवला. टकटक.

"प्ले आहे," गोरक्ष पुटपुटला. कारखान्यात जोड सैल असली की ते असंच म्हणतात. "प्ले सापडला तिला, चांगुणा. मी हेच करतो. रोज हेच करतो मी."

सातवा निघाला. आठवा, नववा निघाले. एकेक करून जागेवर गेले. दहावा मुठीला धरून सोडला, तो आपोआप खाली उतरला. स्नेहलने पेटीवरून तळवा फिरवला, बापाकडे बघितलं आणि म्हणाली, "झालं." टाळ्या नाहीत, काही नाही. तिला त्याची गरजच नव्हती. मी मात्र पदराला डोळे पुसले, आणि त्यासाठी गाठ सोडावी लागली.

बारा वाजून गेले होते. मला वाटलं, आता हा उठेल, बसला पळेल. तो म्हणाला, "मी करू?"

स्नेहलने पेटी त्याच्याकडे सरकवली. "डोळे मिटून करायचं," ती म्हणाली. मोठी मुलं असं करतात, ते तिने बघून ठेवलं होतं.

गोरक्षने डोळे मिटले. ते जाडजूड हात, नखांत तेल बसलेलं, सतरंजीवर चाचपडायला लागले. चार दट्टे नीट गेले, मग भलत्याच भोकात. शेवटी दोन उरले, जाईनात. कपाळावर घाम आला त्याच्या.

"हा कुठे जातो गं, स्नेहू?"

माझी नात हसली नाही. बोट दाखवलं नाही. तिने दोन्ही हात मागे घेतले, अगदी माझ्यासारखे, आणि म्हणाली, "सावकाश कर, बाबा. मी थांबते."

त्याने डोळे उघडले नाहीत. नुसता बसून राहिला, हातात दट्टा घेऊन, आणि पापण्यांच्या कडेने पाणी आलं. मग त्याने बोटाने एकेक दट्टा हलवून बघायला सुरुवात केली. साडेबाराची बस गेली, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

शेवटचा दट्टा बसल्यावर चांगुणा माझ्याकडे बघत गोरक्षला म्हणाली, "अहो, ह्या टिकल्या वाळून वाया जातील. पाकीट तर आत्याबाईंनी कुठं टाकलं देव जाणे. एखादा कागद द्या की."

गोरक्षने खिशात हात घातला. बाहेर आला तो फॉर्म. त्याने एकदा त्याच्यावरच्या नावाकडे बघितलं, मग कागद सतरंजीवर पसरला, त्याची सुरकुती काढली आणि वाटीसकट स्नेहलसमोर सरकवला.

"घे," तो म्हणाला, "याच्यावर लाव."

तिने लावल्या. लालशेजारी लाल, हिरवीशेजारी हिरवी, वीसच्या वीस. आणि मी हात मागे बांधून शेवटपर्यंत बघत उभी राहिले.